पुण्यात ठेवलेला मूग

निघण्याआधी

मी बियांच्या कोठारात नोकरी करतो. रानातल्या झाडाझुडपांचं बी गोळा करायचं, वाळवायचं, चकचकीत पाकिटांत हवाबंद करायचं आणि कडक थंड खोलीत ठेवायचं, असं ते काम. बी जिवंत असतं, फार हळू श्वास घेतं. जितकं कोरडं आणि थंड ठेवावं तितका तो श्वास मंद होतो आणि बी जास्त वर्षं टिकतं. अधूनमधून थोड्या बिया काढून उगवून पाहतात आणि निकाल वहीत लिहितात. सगळं कोठार त्या वहीच्या भरवशावर चालतं.

त्या वहीत मी एकदा खोटं लिहिलं. या कार्तिकात मी धाराशिव जिल्ह्यात जाऊन आलो ते त्यासाठी.

सव्वीस वर्षांपूर्वी मी हंगामी मदतनीस होतो. कोठाराच्या सरांबरोबर ढोकीजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. वस्तीचं नाव लिहीत नाही. तिथल्या टेकडीच्या एका उतारावर रानमूग होता. आपल्या घरच्या मुगाचा हा रानातला पूर्वज. वेल जमिनीवर पसरतो, शेंग बारीक आणि काळी, तिच्यावर दाट राठ लव. दुष्काळात लोकांनी तो खाल्ला होता. तो उतार लवकरच पाझर तलावात जाणार होता. सोजरबाई नावाच्या एका चाळिशीच्या बाईनं ओंजळभर बी माझ्या हातात ओतलं आणि म्हणाली, "तळ्याचं पाणी चढंल आता. तवर तुमच्या थंड पेटीत ठिवा. तळं झालं की मूठभर परत द्या, वरच्या अंगाला टाकते." मी हो म्हणालो.

रानमुगाचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आत शिरत नाही. उगवून पाहायचं तर आधी प्रत्येक बी चिमट्यात धरून पॉलिश पेपरवर घासावं लागतं. शंभर बिया घासायच्या होत्या. शनिवार होता आणि दोनच्या गाडीनं मला साताऱ्याला मुलगी पाहायला जायचं होतं. मी एकही बी घासलं नाही. सगळ्या तशाच ओल्या वाळूत पेरल्या आणि वहीत लिहिलं, "कवच घासून पेरले." तीन आठवड्यांत एकही उगवली नाही. मी खाली लिहिलं, "उगवण शून्य." सर म्हणाले, मेलेल्या बियाण्यानं जागा अडवू नका. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती. मी पाकीट रिकामं केलं आणि वाळूसकट सगळं इमारतीमागच्या भिंतीशी फेकलं.

पुढं वस्तीवरून दोन कार्डं आली. शाळकरी अक्षर होतं. "आमचा मूग पाठवा, तळे झाले आहे." मी उत्तर दिलं नाही आणि कार्डं फाडलीही नाहीत. साताऱ्याची मुलगी, सुनीता, माझी बायको झाली. आमचं चांगलं चाललं. तिच्याशी जसजसं चांगलं चालावं तसतसं मला त्या शनिवारची जास्तच आठवण यायची, आणि हे तिला कसं सांगावं ते कळायचं नाही.

गेल्या वर्षी मागची भिंत पाडून नवा पाया खणला. पावसानंतर तिथं एक वेल आला. पिवळी फुलं, बारीक काळ्या शेंगा. मी कुणाला न सांगता चाळीसेक बिया आणि दोन-तीन शेंगा जमवल्या, बाटलीत भरल्या, आणि त्या रात्री सुनीताला सगळं सांगितलं. तिनं बाटली उजेडाकडं धरून पाहिली. मग म्हणाली, "मग मला कशाला सांगताय? तिला सांगा."

पहिला दिवस: ढोकी

बार्शी सोडली की शाळूची रानं सुरू होतात. कार्तिकात शाळू गुडघ्याएवढा असतो आणि मधूनच तुरीचे पट्टे पिवळ्या फुलांनी भरलेले असतात. आमच्याकडं, मावळात, या दिवसांत भात कापून खाचरं मोकळी पडलेली असतात, त्यामुळं हिवाळ्याच्या तोंडाला अशी वाढती हिरवी रानं बघताना मला ऋतू चुकल्यासारखं वाटत राहिलं. ढोकीत मात्र सगळा रस्ता उसाचा. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि हवेत मळीचा आंबूस वास.

सोजरबाईचा मुलगा नामदेव मला न्यायला आला होता. ट्रॉल्या कारखान्यावर खाली करून रिकामा ट्रॅक्टर घेऊनच आला. गावच्या दुकानातून फोन नंबर मिळवून मी आधी कळवलं होतं, "भेटायला येतो," एवढंच. मी चाकावरच्या पत्र्यावर बसलो. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "ती कार्डं म्या लिहिली होती. पाचवीत होतो. म्हातारी सांगायची आन् म्या लिहायचो. अक्षर कसं होतं?"

"चांगलं होतं," मी म्हणालो.

"मंग मिळाली म्हनायची," असं म्हणून त्यानं गिअर बदलला.

सोजरबाई आता सत्तरीकडं झुकल्या आहेत. गुडघे गेलेत, काठीशिवाय उठता येत नाही. पण मला बघून उठल्या, आणि शेजारणींना हाका मारून बोलावलं. "आगं, या, हे बगा पुण्याचे सायेब. ह्यांच्याकडं हाय आपला मूग." चार बाया आल्या. एकीनं विचारलं, "अजून हाय का?" सोजरबाई माझ्याऐवजी म्हणाल्या, "नसायला काय झालं? थंड पेटीत हाय त्यो. माणसं मरतील, मूग मरायचा न्हाय."

मी हसलो. तिथंच सांगायला हवं होतं. त्याऐवजी पिशवीतून बाकरवडीचं पाकीट काढून दिलं. सोजरबाईंनी एक तोंडात घातली, बराच वेळ इकडून तिकडं फिरवली आणि काढून हातात घेतली. "चांगली हाय," त्या म्हणाल्या, "दात असल्याल्याला."

नामदेवची बायको सविता चुलीपुढं होती. दिवस मावळता मावळता जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मुगाची उसळ, ताक. पुण्यात आम्ही भाकरी हौसेनं खातो आणि तिचं कौतुक करतो. इथं ती कुणी बघतही नाही, हात आपोआप मोडत असतो. उसळीचा तिसरा घास चावला आणि दाढेखाली खडा आल्यासारखं झालं. कट्‌कन आवाज झाला. तोंडातून काढून पाहिलं तर खडा नव्हता. एक मुगाचा दाणा होता, अख्खा, शिजूनही जसाच्या तसा, आणि त्याच्याबरोबर माझ्या दाढेत भरलेलं सिमेंट.

"आत्या, सायेबांची दाढ गेली बगा," सविता सासूला म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"गणंग लागलं व्हय," सोजरबाई म्हणाल्या. "तुज्या निवडण्याचं हे असं. सायेब, गणंग कळतं का तुमाला?"

कळत होतं. आमच्या घरीही मटकी, मूग भिजवले की सुनीता न भिजलेले, न शिजणारे दाणे वेचून टाकते. त्यालाच गणंग म्हणतात. माझी आईही म्हणायची. पण सबंध नोकरीत मी ज्याला "कठीण कवचाची सुप्तावस्था" म्हणत आलो ते हेच, असं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"टाकून देता का ते?" मी विचारलं.

"टाकायचं कसलं? बियाला ठिवायचं." त्या सरसावून बसल्या. "बगा, फुगणारा दाणा भोळा असतो. मिरगात एक सर आली की भुलतो, येतो वर. मंग पाऊस दडी मारतो आन् त्यो करपून जातो. गणंग भुलत न्हाय. ते थांबतं. ह्या वर्साला न्हाय तर फुडच्या. घरच्या मुगात दोन-चार निघतं, पर रानमुगात मायंदाळ. म्हनून तर तुमाला म्या निवडून दिलतं."

"काय निवडून दिलं होतं?"

"गणंग. समदं रातभर भिजवलं, फुगल्यालं काढून खाल्लं, राहिल्यालं सावलीला वाळवून तुमाला दिलं. लांब न्यायचं, लई वर्सं ठिवायचं, मंग भोळं बी काय कामाचं?"

माझा घास हातातच राहिला. एक कोडं मला पुढं नेहमी पडत आलं होतं. न घासलेल्या रानमुगातही शंभरात पाच-दहा बिया उगवतातच. मग माझ्या वाळूत एकही का उगवली नाही? आता कळलं. त्यांनी मला त्यांच्या जवळचं सगळ्यांत चांगलं बी दिलं होतं.

दुसरा दिवस: तळ्यावर

सकाळी मीच म्हणालो, तळं बघू. सोजरबाईंना चालवेना, म्हणून नामदेवनं ट्रॅक्टरनं सोडलं आणि तो उसाच्या खेपेला गेला. तळं भरलेलं होतं. काठावर पाणकोंबड्या होत्या, आणि पलीकडं एक म्हैस फक्त तोंड वर ठेवून बसली होती. त्यांनी काठीनं पाण्यातली एक जागा दाखवली. "तिथं होतं आमचं. सकाळी दवात जायचो आमी बाया, शेंगा तोडायला. ऊन झालं की शेंग हात लावायच्या आत फुटायची, दाणं उडून जायचं."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. शनिवार, गाडी, पॉलिश पेपर, वही, भिंत. काही मागं ठेवलं नाही. बोलताना पाण्याकडं बघत होतो. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "माजंच चुकलं म्हनायचं. गणंग हाय म्हनून सांगाया पायजे होतं तुमाला. आमाला वाटलं, पुण्याचे लोक, त्यांना कळतं."

"नाही मावशी. मला कळत होतं. घासायचं असतं हे ठाऊक होतं. मी घासलं नाही, आणि घासलं म्हणून लिहिलं."

"एवडं शंभर दाणं घासायचं म्हंजी बोटं जात्यात की."

"मावशी, तुम्ही माझी बाजू घेऊ नका."

तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतका वेळ त्या मला तुम्ही म्हणत होत्या, सायेब म्हणत होत्या.

"कार्डाला उत्तर का न्हाय दिलंस मग?" त्या म्हणाल्या. "दोन उन्हाळं पोस्टमनच्या सायकलीकडं बघत बसले म्या. पोरगं इचारायचं, आई, तिसरं लिहू का. म्या म्हनायचे, नगं, लांबचं काम हाय, त्यांना येळ नसंल. एवडं लिहायचं होतंस, मूग गेला. म्या रडले असते आन् कुठं दुसऱ्या डोंगराला हुडकलं असतं. तवा पाय होतं मला. तू काय बोलला न्हाईस, म्हनून म्या गावभर सांगत सुटले, आमचा मूग पुण्यात हाय. सव्वीस वर्सं."

बी गेलं याचंच ओझं मी इतकी वर्षं वागवत होतो. माझ्या न बोलण्यानं त्यांचा शोधच थांबवला, हे मला त्या तळ्यावर पहिल्यांदा कळलं.

थोड्या वेळानं मी खिशातून बाटली काढली. भिंतीचं सांगितलं. "कदाचित हा तोच असेल," मी म्हणालो.

त्यांनी एक शेंग काढून गालावर फिरवली. मग दुसरी.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या मुगाला लव असती. गालाला लावली की खाजती. ही गुळगुळीत हाय. ही मुगणी. शेळ्या खात्यात. रस्त्याकडंला कुठंबी येती."

इथं मला आणखी एक कबुली द्यायला हवी. मुगणी मला ओळखता येते. पानांचे तीन फाटे भिंतीशीच मला दिसले होते. कोठारातल्या कुणालाही दाखवलं असतं तर त्यानं एका मिनिटात सांगितलं असतं, म्हणूनच मी ती कुणाला दाखवली नव्हती. सुनीतालाही मी रानमूग म्हणूनच सांगितलं होतं. वर्षभर मी ती बाटली कपाटात ठेवून मधूनमधून हातात घेत होतो.

सोजरबाईंनी बाटली परत दिली नाही. "आणलंस तर बगू," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी जातं झाडून घेतलं. वरच्या तळीखाली चिंधी दिली, त्यामुळं ती जराशी उचललेली राहिली. मग मूठभर वाळूत बिया मिसळून जात्यात टाकल्या आणि खुंटा माझ्या हातात दिला. "हळू. पीठ करायचं न्हाय, नुसतं अंग घासायचं."

मी घुमवायला लागलो. एकदा जोर लागला आणि आत काहीतरी चुरडलं.

"आरं हळू," त्या म्हणाल्या. "डाळ न्हाय करायची त्याची. सव्वीस वर्सं घाई केली न्हाईस, आता का करतोस?"

चुलीपुढून सविता हसली. मलाही हसू आलं, आणि हसताना रडू आलं. त्यांनी ते बघितलं असावं. वाळू चाळून बिया काढल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि पुरचुंडी चुलीशेजारच्या खुंटीला अडकवली. असे जात्यात शंभर दाणे घासायला पाच मिनिटं लागली असती. आमच्याकडं त्याला चिमटा लागतो.

तिसरा दिवस: गाळाचं रान

सकाळी चहाच्या वेळेला फडकं सोडलं. निम्म्याहून जास्त बिया फुगल्या होत्या, आणि सहा-सात दाण्यांना तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक आलं होतं. आमच्या खोलीत हे मी हजारदा पाहिलं असेल. तरी मी त्या ओसरीवर बसून ते मोजत राहिलो.

"शेळीचं खाणं हाय," सोजरबाई सवितेला म्हणाल्या, "पर जित्तं हाय. सांडपाण्याच्या कडंला लाव. आपला नसंना का."

सविता वाकून बघायला लागली. या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा उतार पाण्याखाली जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं रानमूग तिनं कधी पाहिलेला नव्हता. "मंग आपला कसा असतोय, आत्या?"

"असाच येल. पर पानाला फाटं न्हाईत, आन् शेंगंला लव. काळी, राठ. हात लावला की आग हुती."

सविता म्हणाली, "गाळाच्या रानात येतंय तसलं?"

ती सांगत राहिली. सहा-सात वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तळं आटलं, तेव्हा सगळ्यांनी तळ्यातला गाळ उपसून आपापल्या रानात टाकला. नामदेवनंही खालच्या रानात पंधरा-वीस ट्रॉल्या टाकल्या. तेव्हापासून तिथं दर पावसाळ्यात मुगासारखं एक तण येतं. "लई वंगाळ. शेंगा लागल्या की हात खाजत्यात. म्या दर वर्साला खुरपून काढते. बांधाला टाकते नेऊन."

"सटवे," सोजरबाई अगदी हळू म्हणाल्या, "मंग मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं? मुगासारखं दिसतंय म्हनून म्या एकदा ह्यांना इचारलं, आपला मूग म्हंत्यात त्यो ह्यो तर न्हवं? तर हे म्हनले, खुळी का काय, आपला मूग पुण्यात हाय."

आम्ही चौघं खालच्या रानात गेलो. नामदेवनं त्या दिवशीची खेप दुसऱ्याला दिली होती. सोजरबाई गाळ टाकल्यापासून तिकडं गेल्या नव्हत्या. ट्रॅक्टरवरून उतरल्या आणि सवितेचा खांदा धरून बांधावर आल्या. रानात तूर कमरेच्या वर होती. मधल्या जमिनीत तणाची काडी नव्हती. सवितेचं खुरपं चांगलं आहे. ती स्वतःच ते बघत उभी राहिली.

"सात वर्सं झाली," ती म्हणाली. "सात वर्सं म्या आपल्याच मुगाला खुरपतेय."

"गप," सोजरबाई म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलं होतं का?" त्या माझ्याकडं न बघता बोलल्या, पण वाक्य मला बरोबर लागलं.

मी गुडघ्यांवर बसून बांध हुडकायला लागलो. नामदेव दुसऱ्या टोकानं. तासभर काही नाही. कुंद्याचं गवत, वाळलेला केना, तुरीची गळलेली फुलं. सवितेनं एक जागा आठवून सांगितली, बोरीची जाळी, जिथं काट्यांमुळं तिचं खुरपं पोचत नसे. मी हात आत घातला. मनगटावर दोन ओरखडे आले आणि बोटांना एक वाळका वेल लागला. हलकेच ओढला. तांबूस, दोरीसारखा झालेला. त्याला पाच-सहा शेंगा होत्या, सगळ्या फुटून स्क्रूसारखा पीळ पडलेल्या. आत एकही दाणा नव्हता.

बोटं खाजायला लागली तेव्हा मी त्यांच्याकडं पाहिलं.

सोजरबाईंनी शेंग घेतली आणि गालावर फिरवली. पुन्हा फिरवली. मग ती तशीच गालाला धरून त्या बांधावर खाली बसल्या, गुडघे दुखतात हे विसरून.

"रिकामी आहे, मावशी," मी म्हणालो. "बी उडून गेलं."

"जाऊ दे. मातीत गेलं ना? पेरणी झाली त्याची." त्यांनी नामदेवकडं बघितलं. "ही बोरीची जाळी तोडायची न्हाय. आन् बांधाकडच्या दोन ओळींत हिनं खुरपं घालायचं न्हाय."

"आता कशाला घालतेय म्या," सविता डोळे पुसत म्हणाली.

मी म्हणालो, पुढच्या भाद्रपदात येतो, दवात शेंगा तोडू, निम्म्या इथं ठेवू आणि निम्म्या मी नेतो.

"येत्या मिरगाला येतं का त्याच्या फुडच्या, ते त्याच्या मनावर," त्या म्हणाल्या. "तुला दोन-तीनदा यावं लागंल. यशील?"

"येईन."

"गणंगच हाईस तू बी," त्या म्हणाल्या. "भिजाया लई वर्सं लागली."

निघताना सवितेनं कुंथलगिरीचे पेढे आणि ज्वारीच्या दोन भाकरी बांधून दिल्या, आणि दाढेला लवंग. सोजरबाई दारातून म्हणाल्या, "मला सांगितलंस ते ठीक हाय. पर म्या गावाला सांगितलंय. आता ते म्या कसं फिरवू? कार्डाचं उत्तर कार्डानं दे. नामदेव पारावर वाचून दावील."

परत आल्यावर

पोस्टकार्ड अजून मिळतं. पोस्टातल्या बाईला ड्रॉवरमध्ये शोधावं लागलं, पण मिळालं. त्याआधी कोठारातली जुनी वही काढली आणि माझ्या त्या नोंदीखाली आजची तारीख घालून लिहिलं, "एकही बी घासले नव्हते," आणि सही केली. आमच्या प्रमुखांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं की माझ्या हातच्या अशा आणखी किती नोंदी आहेत. मी म्हणालो, दुसरी नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही हे मला माहीत नाही. माझ्या सगळ्या जुन्या चाचण्या पुन्हा करायच्या असं ठरलं आहे, आणि ते बरोबरच आहे.

घरी सुनीता मूग भिजवत होती. तिला गणंग बाजूला ठेवायला सांगितलं. तिनं कारण विचारलं नाही, एक वाटी घेतली.

कार्ड लिहायला मला सबंध संध्याकाळ लागली. जागा थोडी असते. शेवटी एवढंच लिहिलं:

"सोजरबाई यांस नमस्कार. आपली दोन्ही कार्डे मिळाली होती. उत्तरास उशीर झाला, ती चूक माझी. आपण दिलेले बी चांगले होते. ते मी माझ्या आळसाने टाकून दिले आणि मेले म्हणून खोटे लिहिले. तरी गावात सर्वांना कळवावे की आपला मूग पुण्यात नाही. तो आपल्याच खालच्या रानात, बोरीच्या जाळीपाशी आहे."